उजेडाची वही : प्रस्तावना

अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येतं. मे महिन्यातल्या दुपारी, पायाला ओली वाळू चिकटलेली असताना, दरवाजाच्या कमानीखाली थांबावं, मागे वळावं आणि मोबाइल काढावा. पडद्यावर समुद्राला बोट लावून फोटो घेतला तर लाटा नीट येतात, पण कमानीचे दगड कोळशासारखे काळे. दगडांना बोट लावलं तर दगडांमधल्या सांधी दिसतात आणि समुद्राच्या जागी कोरा कागद. तिथे उभ्या असलेल्या माणसाला मात्र दोन्ही दिसत असतं. दगडावरचं शेवाळही दिसतं आणि लांबवर परतणारी होडीही.

भर दुपारच्या उन्हात उजेड लाखभर लक्स असतो. कमानीच्या सावलीत त्याचा अगदी थोडा भाग पोचतो. उन्हातली चुना लावलेली भिंत जेवढी उजळ असते, त्याच्या शंभराव्या हिश्शाइतका उजळ पांढरा रंग आपल्या साध्या पडद्यावर मिळाला तरी पुष्कळ झालं. म्हणजे खऱ्या जगातला उजेड आणि आपण त्याचं जे चित्र पाहतो, त्या दोहोंत प्रत्येक वेळी कुणाला तरी काटछाट करावी लागते. ती कुणी करायची, कधी करायची आणि कापलेलं कुठे ठेवायचं, एवढाच या पुस्तिकेचा विषय. बाकीची पानं त्याच्या तपशिलाची आहेत.

विषयाचं रीतसर नाव जरा लांबलचक आहे : रेंडरिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनईएक्सआर फाइलींचं आजच्या दाबून बसवलेल्या चित्रप्रकारांत, म्हणजे मुख्यतः एव्हीआयएफ आणि जेपेग एक्सएल यांत, रूपांतर. हे काम हॉलिवुडचं आहे, आपल्या आक्षी-नागावला त्याचं काय, असं कुणी विचारेल. उत्तर रस्त्यावरच लिहिलेलं आहे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. मुंबईकराला नारळ-सुपारीच्या वाडीत दुसरं घर हवं झालं आणि मांडव्यापासून मुरुडपर्यंत जमिनीवर पाया खणण्याआधी पडद्यावर घरं उभी राहू लागली. फलकावर दिसणारा तो निळा तलाव, जांभ्याची भिंत, मागे माडांची रांग, वर कलत्या उन्हाचं आकाश, हे सगळं कुठल्या तरी खोलीत रात्री रेंडर लावून झोपलेल्या माणसाचं काम असतं. मीही त्यांतलाच एक. सकाळी उठून पाहावं तर कधी चित्र तयार असतं, कधी वीज गेलेली असते.

चित्र तयार झालं की पार्टीला ते लगेच मोबाइलवर हवं असतं. आपण घाईत जेपेग काढतो, पाठवतो, मेसेजचं अॅप ते आणखी दाबतं, आणि रात्रभर संगणकाने मोजलेला उजेड पार्टीच्या हातात पोचेपर्यंत त्याचा चहाचा चोथा झालेला असतो. चित्र पसंत पडलं की पैसे मिळतात, आणि डिस्क भरली की पहिली कुऱ्हाड त्या जड ईएक्सआर फाइलींवर पडते. निदान मी तरी वर्षानुवर्षं असंच करत होतो.

म्हणून आधी त्या फाइलीकडे नीट पाहू.

रेंडर करणारा प्रोग्रॅम चित्र काढत नसतो, तो उजेडाचा हिशेब करत असतो. सूर्याकडून किती आला, भिंतीने किती परतवला, तलावाच्या पाण्यातून छताखाली किती डुलत गेला, याची तो बिंदूगणिक बेरीज करतो. ही बेरीज साठवायला शून्य ते २५५ एवढ्या पायऱ्यांचं जेपेग पुरत नाही. १९८०च्या दशकात ग्रेग वॉर्ड यांनी इमारतींमधला प्रकाश आधीच मोजून पाहता यावा म्हणून 'रेडियन्स' नावाची प्रणाली लिहिली. तिच्यासाठी त्यांनी चार बाइटांत खूप मोठा पल्ला बसवणारी एक युक्ती काढली. आपण सगळे जे 'एचडीआर आकाश' घरावर पांघरून देखावा उजळतो, त्याच्या फाइली आजही बहुधा त्याच प्रकारच्या असतात. मुळात ही विद्या घरांच्याच कामासाठी जन्मली, हे आपल्यासारख्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पुढे चित्रपटांतल्या दृश्यकरामती करणाऱ्या इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या संस्थेने स्वतःच्या गरजेसाठी ओपनईएक्सआर घडवलं आणि २००३ मध्ये ते सगळ्यांना खुलं करून दिलं. त्यातली मुख्य कल्पना सोळा बिटांच्या अर्ध्या दशांशाची. सोळांपैकी एक बिट चिन्हाचा, पाच घातांकाचे, दहा अपूर्णांकाचे. त्यामुळे उजेड दुप्पट झाला की त्या प्रत्येक दुपटीच्या आत १,०२४ पायऱ्या मिळतात, मग तो उजेड समईचा असो की सूर्याचा. सर्वांत मोठा आकडा ६५,५०४ पर्यंत जातो. अंधारात बारकावे राहतात आणि उजेडात आकाश जळत नाही. शिवाय एकाच फाइलीत अनेक थर राहतात : नुसत्या परावर्तनाचा वेगळा, सावलीचा वेगळा, कुठली वस्तू किती लांब आहे ते सांगणारा खोलीचा वेगळा, कुठला बिंदू कुठल्या वस्तूचा आहे त्याच्या ओळखक्रमांकांचा वेगळा.

या श्रीमंतीची किंमत सरळ गुणाकाराने निघते. ३८४० गुणिले २१६० म्हणजे ८२,९४,४०० बिंदू. प्रत्येकाला तीन रंग, रंगाला दोन बाइट. एका चौकटीला सुमारे ५० एमबी झाले, आणि हे थर न धरता. सेकंदाला २४ चौकटींचा अर्ध्या मिनिटाचा वॉकथ्रू काढला तर ३६ जीबीच्या आसपास. ईएक्सआरला स्वतःच्या आत दाबून बसायच्या रीती आहेत, त्यांनी हा आकडा खाली येतो. पण रेंडरमध्ये रवा असेल, म्हणजे किरण कमी सोडल्यामुळे उरलेली ती ठिपक्यांची खरखर असेल, तर त्या रीतीही हात टेकतात. कारण दाबणं म्हणजे शेजारच्या बिंदूवरून पुढचा ओळखणं, आणि रवा ओळखता येत नाही. म्हणून पुस्तिकेत पहिलं प्रकरण रवा काढण्यावर आहे, फाइलींचे प्रकार त्यानंतर येतात.

आता एवढं जड ओझं सांभाळायचं कशाला, या प्रश्नाचं मला पटलेलं उत्तर संगणकाच्या पुस्तकात नाही. ते आपल्याच किनाऱ्यावरच्या एका जुन्या वहीत आहे.

मुंबईच्या कुलाब्यातल्या वेधशाळेत १८४०च्या दशकापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी होत असत. २ सप्टेंबर १८५९ या दिवशी सूर्यावरून आलेलं एक प्रचंड वादळ पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळलं. इंग्लंडमध्ये क्यू आणि ग्रीनिच इथल्या वेधशाळांत सुईच्या हालचाली छायाचित्राच्या कागदावर आपोआप उमटत होत्या. वादळ एवढं मोठं होतं की उजेडाचा ठिपका कागदाच्या बाहेर गेला. ऐन शिखरावर नोंद तुटली. कुलाब्याला मात्र तेव्हा माणसं डोळ्यांनी वाचून आकडे लिहीत होती. सुई कुठे गेली ते त्यांनी थोड्या थोड्या मिनिटांनी वहीत उतरवलं. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ मध्ये, शास्त्रज्ञांनी त्याच आकड्यांवरून त्या वादळाचा आवाका मांडला : क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली गेलं होतं. त्या अभ्यासात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे शास्त्रज्ञ होते, आणि ही संस्था आज आपल्याच रायगड जिल्ह्यात, नवीन पनवेलला आहे.

जेपेग म्हणजे तो इंग्लंडमधला कागद. त्याला कड आहे. २५५च्या पुढचं सगळं २५५. सूर्य, सूर्याची पाण्यातली तिरीप, छतावरचा दिवा, तिघेही सारखेच पांढरे. ईएक्सआर म्हणजे कुलाब्याची वही. पार्टी वर्षाने परत येते आणि म्हणते, याच घराचा संध्याकाळचा व्ह्यू द्या, जरा अंधार करा, दिवे लागलेले दाखवा. वहीतून ते निघतं. कागदाच्या बाहेर गेलेला ठिपका कुठल्याही सॉफ्टवेअरने आत ओढता येत नाही. आकाश काळवंडतं, पण जळलेली जागा राखाडी डागासारखी तशीच राहते.

एवढं म्हटल्यावर वाचकाला वाटेल की लेखक आता दाबलेल्या चित्रांना नावं ठेवणार. तसं नाही, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण अलिबागच्या बाजारात मिळतं. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या असतात, आणि जरा पुढे गेलं की टोपलीत सोडे. कांद्याची माळ म्हणजे बांधणीतली काटकसर. तोच कांदा, तेवढाच, पण पातीला पात विणल्यामुळे खुंटीला टांगता येतो, जागा खात नाही. माळ सोडवली की जेवढे कांदे घातले तेवढे परत हातात. यालाच आपल्या धंद्यात काहीही न गमावता दाबणं म्हणतात. सोड्यांची गोष्ट वेगळी. कोळंबी सोलून उन्हात वाळवली की पाणी जातं, वजन उतरतं, आणि ती पावसाळाभर टिकते. पण सोडे पाण्यात भिजवले म्हणून कोळंबी परत येत नाही. तरीही सोड्याच्या खिचडीला कुणी उणी कोळंबी म्हणत नाही. काय जाऊ द्यायचं आणि काय राखायचं हे वाळवणाऱ्या बाईला पक्कं ठाऊक असतं. चव कशात आहे ते तिला कळतं, आणि पाण्यात नाही हेही कळतं. चांगलं एव्हीआयएफ हे चांगल्या सोड्यांसारखं असतं : डोळ्याला जे कळत नाही तेवढंच त्याने सोडलेलं असतं.

दुसरं कारण माझ्या स्वतःच्या घरात घडलं. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आलं. श्रीवर्धन-दिवेआगरकडे सुपारीच्या बागाच्या बागा आडव्या झाल्या. गावोगाव कित्येक दिवस वीज नव्हती. आमच्या कामाच्या खोलीचे पत्रे उडाले. दोन डिस्क भिजल्या, तिसरी खाऱ्या हवेने आधीच अर्धमेली झाली होती. बरीच वर्षं जपलेल्या मूळ फाइली गेल्या. मग महिन्याभराने, फोन लागायला लागल्यावर, जुन्या पार्ट्यांकडून चित्रं परत यायला लागली. कुणाच्या मोबाइलमध्ये होती, कुणी ईमेलमध्ये ठेवली होती, एकाने तर फ्रेम करून भिंतीला लावली होती, त्याचा फोटो काढून पाठवला. जी फाइल हलकी म्हणून चार घरी गेली होती, तीच उरली. जड होती म्हणून जी माझ्याच खोलीत बसून राहिली, ती बुडाली.

त्या पावसाळ्यात मला जे कळलं ते या पुस्तिकेचं सूत्र झालं. मूळ फाइल पुढच्या शक्यता जपते, आणि प्रत हिंडून-फिरून चित्राचं आयुष्य वाढवते. म्हणून मूळ असं सांभाळावं की जणू प्रत कधी निघणारच नाही, आणि प्रत अशी काढावी की जणू उद्या तेवढीच उरणार आहे. माझ्या परत आलेल्या चित्रांत आकाशं जळलेली होती, कडांना चौकोन पडलेले होते, कारण ती काढताना मी 'पाठवायला चालेल' एवढाच विचार केला होता.

आज त्याच आकाराच्या फाइलीत कितीतरी जास्त वाचवता आलं असतं. जेपेग १९९२चं. त्यानंतर गूगलने २०१० मध्ये वेबपी आणलं, पण तेही आठ बिटांतच अडकलेलं, म्हणून आपल्या कामाला ते फारसं पुढे नेत नाही. एव्हीआयएफ २०१९ मध्ये पक्कं झालं. ते एव्ही१ या व्हिडिओच्या दाबणीवर उभं आहे आणि त्यात दहा किंवा बारा बिट मिळतात. काशीदच्या किनाऱ्यावरचं सूर्य बुडाल्यानंतरचं आकाश जेपेगमध्ये जिन्यासारखं पट्ट्यापट्ट्यांनी उतरतं. दहा बिटांत ते पुष्कळ मऊ उतरतं. आजचे प्रमुख ब्राउझर एव्हीआयएफ उघडतात, म्हणून पार्टीला पाठवायला ते बरं. जेपेग एक्सएलचं मानक २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात ३२ बिटांचे दशांश बसतात, रंगांखेरीज आणखी थर बसतात, काही न गमावताही दाबता येतं आणि गमावूनही. जुन्या जेपेग फाइली त्यात घातल्या तर साधारण एक पंचमांश जागा वाचते आणि हवी तेव्हा तीच जेपेग अक्षर न् अक्षर परत मिळते. त्याचं नशीब मात्र थोडं वाकडं. २०२३ मध्ये क्रोमने त्याचा प्रायोगिक आधार काढून टाकला आणि त्याच वर्षी सफारीने तो दिला. म्हणून ही पुस्तिका वाटण्यासाठी एव्हीआयएफ आणि जपण्यासाठी जेपेग एक्सएल अशी ढोबळ वाटणी सुचवते. मूळ ईएक्सआरला पर्याय म्हणून मात्र दोन्हींपैकी एकही सुचवत नाही.

ज्यांना वाटतं की हे एक बटण दाबण्याचं काम आहे, त्यांच्यासाठी मधली चार प्रकरणं आहेत. रूपांतर करणारा प्रोग्रॅम मुकाट्याने काही प्रश्नांची उत्तरं स्वतःच देऊन टाकतो, आणि आपल्याला विचारतही नाही. त्यांतले मोठे प्रश्न इथेच सांगून ठेवतो.

पहिला : एक म्हणजे किती? ईएक्सआरमधला १.० हा आकडा कुठल्याही ठरलेल्या उजेडाला बांधलेला नसतो. पडद्याला मात्र ठरलेला आकडा हवा असतो. एचडीआर चित्रांसाठी पीक्यू नावाची जी वक्ररेषा २०१४ मध्ये प्रमाण झाली, ती शून्यापासून दहा हजार निटांपर्यंतचा (निट हे पडद्याच्या उजळपणाचं माप) उजेड मानवी डोळ्याला फरक जाणवेल अशा बेताने पायऱ्यांत वाटते. तिच्यात साध्या पांढऱ्या कागदाला सुमारे २०३ निट द्यावेत असा संकेत आहे. आपल्या घराची चुन्याची भिंत २०३वर ठेवायची की उन्हात म्हणून त्याच्या तिप्पट, हे ठरवणारा माणूस लागतो. मुरुडच्या दुपारची भिंत आणि श्रावणातल्या ढगाखालची भिंत एकच असते, पण तिचा आकडा एक नसतो.

दुसरा : रंग कुठले? तांबडा-हिरवा-निळा म्हटलं तरी कुठला तांबडा, हे फाइलीच्या मथळ्यात लिहावं लागतं. ते न लिहिता पुढे गेलं तर जांभा एका पडद्यावर विटकरी आणि दुसऱ्यावर भगवा दिसतो. आपल्या आक्षीच्या शिलालेखाची आठवण इथे येते. मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते आणि त्यावरचा शक ९३४ असा वाचला गेला, पण त्या वाचनावर अभ्यासक झगडले. दगड उभा आहे, मजकूर आहे, आणि तरी झिजलेल्या दोन-तीन रेघांनी शतकांचा फरक पडू शकतो. फाइलीच्या मथळ्यातल्या ओळी तशाच असतात. त्या छोट्या आहेत म्हणून कुणी जपत नाही, आणि त्या गेल्या की बाकीचा मजकूर वाचायचा कसा हेच कळत नाही.

तिसरा : रंग किती दाबायचे? डोळा उजेडातला फरक बारीक ओळखतो, रंगातला जरा ढोबळ. त्याचा फायदा घेऊन बरेच प्रोग्रॅम रंगाची माहिती चौथाई करून टाकतात. माडांच्या झावळ्यांना ते चालतं. कोळ्यांच्या होडीवरच्या लाल पताकेची किंवा जांभ्याच्या भिंतीवरच्या निळ्या दाराची कड मात्र भिजल्यासारखी पसरते. अशा चित्रांना ती कपात बंद करावी लागते. फाइल वाढते, पण पताका पताकेसारखी दिसते.

चौथा : पारदर्शक कडांचा. ईएक्सआरमध्ये काचेच्या, पानांच्या, केसांच्या कडांचे रंग पारदर्शकतेने आधीच गुणलेले असतात. काही प्रकारांत ते न गुणलेले अपेक्षित असतात. हे न पाहता फाइल बदलली की झाडांभोवती काळी किनार येते, आणि आपण दोन दिवस झाडाला दोष देत बसतो.

पाचवा, आणि याला मी धोक्याची पाटी लावली आहे : ओळखक्रमांक आणि खोलीचे थर कधीही गमावून दाबू नयेत. ते चित्रासारखे दिसतात, पण ते चित्र नाही, हिशेबाच्या नोंदी आहेत. रंगात एका बिटाचा फरक पडला तर डोळ्याला कळतही नाही. ओळखक्रमांकात पडला तर खुर्ची जाऊन तिथे भलतीच वस्तू येते. हे थर कांद्याच्या माळेत बांधायचे, उन्हात घालायचे नाहीत.

या प्रश्नांची उत्तरं चित्रागणिक बदलतात. म्हणून पुस्तिकेत तयार आकड्यांचा तक्ता शोधणाऱ्याची थोडी निराशा होईल. तक्ता आहे, पण तो शेवटी आहे, आणि त्याच्या आधी प्रत्येक आकडा कशावरून आला ते सांगितलं आहे. मी स्वतः फुकट मिळणारे प्रोग्रॅम वापरतो. एका डिस्कवरच्या शंभर फाइली रात्री लावून सकाळी तपासायच्या, अशी पद्धत दिली आहे. एव्हीआयएफ दाबायला वेळ घेतं, हे आधीच समजून घ्यावं. घाईने दाबलेलं मोठं राहतं किंवा वाईट दिसतं, आणि हे सोड्यांनाही लागू आहे.

भाषेबद्दल दोन शब्द. रेंडर, पिक्सेल, फाइल, डिस्क हे शब्द मी तसेच ठेवले आहेत, कारण खोलीत बसून आपण तेच बोलतो. जिथे मराठीत सोपा शब्द हाताशी होता तिथे तो घेतला. रव्याला रवा म्हटलं, पट्ट्यांना पट्टे म्हटलं. या कामातली माहिती इंग्रजीत विपुल आहे, पण रेवदंड्याचा एखादा मुलगा आयटीआय करून पहिल्यांदा रेंडर लावतो, तेव्हा त्याला ती उघडून पाहायचा धीर होत नाही. तो चुका करतो, चुकांवरून शिकतो, आणि शिकेपर्यंत त्याची निम्मी कामं पुसली गेलेली असतात. ही पानं त्याच्यासाठी आहेत. फार अनुभवी माणसाला यात नवीन थोडंच मिळेल, पण चुकलेलं काही सापडलं तर त्याने ते जरूर कळवावं.

शेवटी पुन्हा कुलाब्याच्या त्या वेधशाळेकडे जातो, कारण जुन्यातून नव्यात कसं जावं याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे नक्की झालं. विजेच्या प्रवाहाने कुलाब्याच्या सुया बिघडणार होत्या. तेव्हा वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभॉय अर्देशीर मूस यांनी दक्षिणेला अलिबागची जागा निवडली. चुंबकाला ओढणार नाही असा दगड आणि सामान वापरून तिथे इमारती उभ्या केल्या. १९०४ मध्ये अलिबागला नोंदी सुरू झाल्या. पण त्या दिवशी कुलाबा बंद केलं नाही. १९०६ पर्यंत, दोन वर्षं, दोन्हीकडे एकाच वेळी मोजमाप चालू राहिलं, म्हणजे एका जागेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहता येईल आणि साठ वर्षांची मालिका मध्येच तुटणार नाही. ती तुटली नाही. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे.

त्यांच्याकडे वहीच्या दोन प्रती ठेवायला दोन इमारती होत्या, आपल्याकडे निदान दोन डिस्क तरी असाव्यात, आणि त्यांतली एक खाऱ्या वाऱ्यापासून लांब, घाटावरच्या कुणा नातेवाइकाकडे. पहिली फाइल बदललीत की दोन्ही चित्रं शेजारी लावून पाहा, सावल्यांत पाहा, आकाशात पाहा, पताकेच्या कडेला पाहा. प्रत पाठवून द्या. मूळ फाइलीवर लगेच हात चालवू नका. निदान एक पावसाळा जाऊ द्या.

अलिबाग